छातीचे मांस, मंद आच आणि आमची भीती

ऑक्टोबर २०२४ मधील एका सकाळी आमच्या वस्तीतली एक आजी चहाच्या वेळेला आमच्या ओट्यावर येऊन बसली. तिचा नातू राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला शिकायला गेलेला. पहाटे साडेपाचला त्याचा फोन आला होता. तिकडे तेव्हा रात्रीचे आठ. आजी म्हणाली, "वकीलभाऊ, पोरगं म्हणतं, आज ज्यूच्या घरी मोठ्याचं खाल्लं आणि तुझी लई याद आली. तेच वास, तीच चव. हे ज्यू म्हणजे कोण लोक वो?"

प्रश्न साधा होता. उत्तर द्यायला आम्हाला बराच वेळ लागला, आणि खरे म्हणजे ते अजून पुरे झालेले नाही. म्हणून हा लेख.

पोरगा ज्या म्हातारीच्या घरात खोली घेऊन राहतो ती ज्यू आहे. त्या संध्याकाळी त्यांचे नवे वर्ष, रोश हशाना, सुरू झाले. एकट्या परक्या पोराला सणाच्या दिवशी उपाशी कसे ठेवायचे, म्हणून तिने त्याला पंगतीला बसवले. मधात बुडवलेली सफरचंदाची फोड, गोल पाव, आणि मधोमध भलेमोठे पातेले. त्यात होते ब्रिस्केट. म्हणजे मोठ्या जनावराच्या छातीचे मांस. बकऱ्याच्या दुकानात खाटीक ज्याला सीना म्हणतो तोच भाग. (इस्रायलचे सरकार गाझात जे करत आले त्याचे समर्थन आम्ही करत नाही. पण राज्यकर्त्यांचा हिशेब एका म्हातारीच्या चुलीवर मांडायचा नसतो.)

पोराने कृती विचारून घेतली आणि लिहून पाठवली. दोन-अडीच किलोचा अख्खा तुकडा, एका बाजूची चरबी तशीच ठेवलेली. मीठ-मिरी चोळून जाड बुडाच्या भांड्यात दोन्ही बाजूंनी तांबूस परतायचा आणि बाजूला काढायचा. त्याच चरबीत कांदा. तोही एखाददुसरा नाही, चांगला किलोभर, उभा चिरून, मऊ आणि लालसर होईपर्यंत. मग लसूण, गाजर, थोडा टोमॅटो. मांस परत आत, पाणी अर्ध्यापर्यंतच, झाकण घट्ट, आणि मंद आचेवर साडेतीन-चार तास. दूध, लोणी, तूप यांचा थेंब नाही, कारण मांस आणि दूध एकत्र करायचे नाही हा त्यांचा नियम. शिजले की लगेच खायचेही नाही. रात्रभर रश्श्यातच थंड होऊ द्यायचे, दुसऱ्या दिवशी वर गोठलेली चरबी काढायची, धाग्यांच्या आडवे काप करायचे आणि त्याच रश्श्यात पुन्हा गरम करायचे. धाग्यांच्या दिशेने कापले तर चार तासांची मेहनत फुकट. चघळत बसावे लागते.

आम्ही हे आजीला वाचून दाखवले. ती म्हणाली, "एवढं लिहायचं काय त्यात? निबर मांसाला वेळ द्यावाच लागतो." किलोभर कांदा ऐकून मात्र ती खूश झाली. उमराण्याच्या बाजारात कांद्याचे ट्रॅक्टर मोजत जन्म गेलेली बाई ती.

निबर मांसाला वेळ द्यावा लागतो, हे खरे. छातीचा स्नायू जनावराच्या पुढच्या अंगाचा भार उभ्या जन्मात पेलत असतो, त्यामुळे तो चिवट, तंतूंनी भरलेला. घाईने शिजवला की चामडे होतो. पण ७० अंशांच्या पुढे मंद उष्णतेत तासन्‌तास राहिला की त्यातले चिवट तंतू विरघळतात आणि रश्श्याला तो चिकट, ओठाला लागणारा दाटपणा येतो. हे विज्ञान आजीला कोणी शिकवले नव्हते. तिच्या सासूच्या काळात थकलेल्या बैलाचे मांस रात्री गोवऱ्यांच्या धगीवर ठेवायचे, झाकणात पाणी ओतायचे आणि पहाटे उतरवायचे. उरलेल्याच्या पट्ट्या कापून उन्हात वाळवायच्या, त्या चान्या. त्या पावसाळ्यात कामी येत. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' या २०१५ मधील पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या या स्वयंपाकाची नोंद केली, तोपर्यंत मराठी पाकपुस्तकांत या पातेल्याला जागा नव्हती. श्रीखंडाच्या कृती पानोपानी सापडतात. चान्यांची सापडत नव्हती.

आता प्रश्न असा की ज्यू लोकांनी छातीचाच भाग का निवडला? निवडला कसला, वाट्याला आला. त्यांच्या धर्मग्रंथात याकोबाच्या मांडीच्या शिरेची कथा आहे. तिच्यामुळे जनावराच्या मागच्या भागातली ती शीर खायला मनाई. ती काढणे इतके किचकट की अनेक देशांत मागचा भाग सरळ इतरांना विकून टाकत. उरला पुढचा भाग. त्यातही छाती चिवट म्हणून स्वस्त. पूर्व युरोपातल्या गरीब ज्यू बायांनी त्या स्वस्त तुकड्याला वेळ दिला, कांदा दिला आणि त्याचा सण केला. पुढे अमेरिकेत त्यांची नातवंडे डॉक्टर-वकील झाली, पैसा आला, तरी सणाला पातेले तेच राहिले. लाज वाटून कोणी ते बदलले नाही.

इथे आमच्या वाचकांपैकी कोणी म्हणेल, मग आमचे आणि त्यांचे सारखेच की! नाही. येथेच थांबून नीट पाहिले पाहिजे. त्यांचे जनावर त्यांच्या स्वतःच्या माणसाने, जिवंत आणि निरोगी पाहून कापलेले असते. रक्त वर्ज्य, मांस अर्धा तास पाण्यात भिजवून, तासभर मिठात ठेवून, पुन्हा पुन्हा धुऊन रक्त काढायचे. आमच्या आजीची रक्ती त्या म्हातारीच्या घरात शिरू शकणार नाही. आणि आपोआप मेलेले जनावर तर त्यांना पूर्ण निषिद्ध. पण ते मेलेले जनावर जायचे कुठे? त्यांच्या ग्रंथातल्या अनुवाद नावाच्या भागात चौदाव्या अध्यायात सांगितले आहे की ते तुम्ही खाऊ नका. तुमच्या वेशीत राहणाऱ्या उपऱ्याला द्या, नाहीतर परक्याला विका.

वेशीतला उपरा! हे वाचताना आम्हाला बाबासाहेबांचा १९४८ चा 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ आठवल्यावाचून राहिला नाही. बाबासाहेबांनी त्यात मांडले ते हेच, की पांगलेली, पराभूत माणसे गावाबाहेर वसली, गावाची राखण करू लागली आणि गावातले मेलेले जनावर त्यांच्या वाट्याला आले. पुढे गावाने गोमांस सोडले, ते पवित्र-अपवित्राचा विषय झाले आणि ज्यांच्या माथी मेलेले ढोर मारले होते तीच माणसे ते खातात म्हणून अस्पृश्य ठरली. म्हणजे देणाऱ्याचा हात शुद्ध आणि घेणाऱ्याचे तोंड विटाळलेले. त्या म्हातारीच्या पूर्वजांना मांस निवडता आले. आमच्या पूर्वजांच्या दारात ते आणून टाकले गेले. पातेले सारखे दिसते, वासही सारखा येतो. फरक चुलीपर्यंत येण्याच्या वाटेत आहे.

म्हणूनच मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस सोडा असे बजावले. आमच्यातले काही जण त्याचा अर्थ शाकाहाराचा उपदेश असा लावतात. आम्हाला तो मान्य नाही. मुद्दा मांसाचा नव्हता, ते कोणाच्या हातून आणि कोणत्या अटीवर मिळते याचा होता. गावोगावच्या आमच्या माणसांनी ढोरे ओढणे बंद केले, त्यासाठी बहिष्कार सोसले. ते व्रत नव्हते, तो संप होता.

पंचशीलाचे काय, असा प्रश्न वस्तीतले एक ज्येष्ठ उपासक आम्हाला नेहमी विचारतात, आणि त्यांचा प्रश्न आम्ही हलका मानत नाही. पण विनयात भिक्खूसाठीसुद्धा नियम आहे तो तीन प्रकारे शुद्ध मांसाचा: आपल्यासाठी मारताना पाहिले नाही, ऐकले नाही, तशी शंका नाही. आणि 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये बाबासाहेबांनी मारण्याची गरज आणि मारण्याची हौस यांत फरक केला आहे. ज्याला मांस सोडायचे त्याने जरूर सोडावे. आमच्या पत्नीने सोडले आहे. ते तिने ठरवले, पोलीस पाटलाने नव्हे.

ज्यू म्हणजे कोण, हे आजीला सांगताना आम्ही तिला एक गोष्ट सांगितली. ती आपल्या चळवळीतही फारशी सांगितली जात नाही. बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथले त्यांचे गुरू प्राध्यापक एडविन सेलिग्मन हे ज्यू घराण्यातले. ज्यांच्या परिसंवादात बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी जातिसंस्थेवरचा निबंध वाचला ते गोल्डनवायझरही ज्यूच. सेलिग्मन यांचे वडील जोसेफ सेलिग्मन न्यूयॉर्कचे मोठे बँकर होते. १८७७ साली ते कुटुंबासह सॅराटोगा येथील ग्रँड युनियन हॉटेलात उतरायला गेले, तर ज्यू म्हणून त्यांना खोली नाकारली गेली. त्यानंतर बरोबर ४० वर्षांनी, १९१७ साली, त्याच घराण्यातल्या गुरूचा शिष्य बडोद्याला नोकरीसाठी गेला आणि पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेतलेल्या जमावाने त्याला बाहेर काढले. आजी म्हणाली, "म्हणजे त्यायलाही वाड्यात घेत नव्हते!" तिला ज्यू कळले.

ज्यू शोधायला न्यूयॉर्कला जायचीही गरज नाही. आपल्या कोकणात, अलिबागच्या पट्ट्यात, बेने इस्रायली शेकडो वर्षे राहिले. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटले. त्यांची मराठी आपल्यासारखीच, आणि सणांची नावे तर ऐका: रोश हशानाला ते नव्याचा सण म्हणत, मग खिरीचा सण, दारफाळणीचा सण, बिरड्यांचा रोजा. नवसाला मलिदा: पोहे, ओले खोबरे, साखर, वर फळे. मांसाच्या रश्श्यात दूध-दही चालत नाही म्हणून नारळाचे दूध. मात्र ब्रिस्केट त्यांच्या सणात नाही. त्यांच्या ग्रंथाला गोमांस चालते, तरी कोकणातल्या बेने इस्रायलींनी ते टाळले. शेजार हिंदू होता, गावात राहायचे होते. पुढे पुढे तर ते आपल्या धर्मातच वर्ज्य आहे असे त्यांना वाटू लागले. शेजाऱ्याची नजर पिढ्यान्‌पिढ्या ताटावर राहिली की ती धर्म बनते, ती अशी. आणि एवढे करूनही मुंबईतले बगदादी ज्यू त्यांना आपल्या बरोबरीचे मानायला तयार नव्हते. १९४८ नंतर इस्रायलला गेले तर तिथल्या धर्मपीठाने १९६२ साली त्यांच्या लग्नांवर शंका घेतली. १९६४ साली त्यांनी निदर्शने करून ते मागे घ्यायला लावले. जात कुठेही रुजते, पाणी मिळाले की झाले.

पण बेने इस्रायलींची ती सणांची यादी वाचताना आम्हाला आमचीच एक उणीव टोचली. १९५६ नंतर आपण दिवाळी सोडली, पोळा सोडला, दसऱ्याची धम्मदीक्षा केली. बरे झाले. पण आपल्या सणाचे ताट कोणते? बुद्ध पौर्णिमेला सुजाताची खीर आहे. १४ एप्रिलला? आमच्या घरी पुरणपोळी असते, शेजारी शिरा, कोणाकडे हॉटेलचे पनीर. जेवताना 'हे आपले' असे म्हणता येईल असा एक पदार्थ ताटात नसतो. ज्या पातेल्यावर आमच्या आज्यांनी हात बसवला ते आम्ही शिकल्या-सवरल्यांनी माळ्यावर टाकले. वसतिगृहात असताना डबा उघडण्याआधी आम्ही खोलीचे दार लावून घ्यायचो. कोणी बोलले नव्हते तरी लावायचो.

हे सारे झाल्यावर पोरगा डिसेंबरात सुटीवर देवळ्याला आला आणि म्हणाला, काका, ते पातेले आपण इथे करू. म्हातारीची कृती, आजीचा हात. सगळ्या वस्तीला बोलावू.

गोष्ट कायद्यात बसत होती का? आम्ही वकील, आम्हाला तोंडपाठ आहे. १९७६ च्या महाराष्ट्र पशुसंरक्षण कायद्याने गोहत्या बंद होती. १९९५ ची दुरुस्ती राष्ट्रपतींच्या संमतीनंतर मार्च २०१५ मध्ये लागू झाली आणि बैल-वळूही त्यात आले. पाच वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड. म्हैस-रेडा तिच्यात नाही. ठरलेला दाखला असेल तर ते कापता येतात. म्हणजे म्हशीच्या छातीचे मांस परवानाधारक दुकानातून पावतीसह आणले तर गुन्हा नाही. शिवाय ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या कायद्यातली दोन कलमे रद्द केली: परराज्यात कापलेल्या जनावराचे मांस जवळ बाळगणे गुन्हा ठरवणारे ५ड, आणि निर्दोषत्व आरोपीनेच सिद्ध करावे असे सांगणारे ९ब. न्यायालयाने सांगितले की माणूस आपल्या घरात काय खातो हा त्याच्या खासगी आयुष्याचा भाग आहे. त्या निकालाची प्रत आमच्या टेबलाच्या खणात आहे. त्यावर आम्ही शिबिरात तासभर भाषण करतो.

पण मालेगावहून देवळ्यापर्यंतचा रस्ता निकालपत्रातून जात नाही. २०१५ साली त्याच मालेगावात लोकांनी आपापल्या गुरांचे फोटो पोलिसांकडे जमा करावेत, अशा बातम्या छापून आल्या होत्या. जून २०२३ मध्ये आपल्याच नाशिक जिल्ह्यात, इगतपुरीच्या पट्ट्यात, एका महिन्यात दोन तरुण मुसलमान पोरे जनावरे किंवा मांस नेल्याच्या संशयावरून जमावाच्या मारहाणीत गेली. गाडी अडवणारा टोळभैरव पावती वाचत नाही. म्हैस की बैल हे प्रयोगशाळेचा अहवाल सांगतो. तो अहवाल यायला वेळ लागतो, आणि तोवर माणूस एकतर कोठडीत असतो किंवा दवाखान्यात. आमच्याकडे आलेल्या एका पक्षकाराच्या लग्नाच्या जेवणाचे मांस एका ठाण्यात असेच जप्त होऊन पडले होते. ते म्हशीचेच निघाले, पण वरात कधीच परतली होती.

पोराच्या मोटारसायकलची किल्ली त्याच्या हातात होती. पिशवी धुऊन ठेवलेली. आम्ही त्याला म्हणालो, "बकऱ्याचंच आण. इथूनच."

तो काही बोलला नाही. आम्हीच बोलत राहिलो, की कायदा आपल्या बाजूने आहे, पण वेळ तशी नाही, तू परत जायचा आहेस, पासपोर्ट आहे, गुन्हा नोंदला तर व्हिसाचा घोळ. सगळे मुद्दे बिनतोड होते. एखाद्या सरकारी वकिलाने मांडावेत तसे.

बकऱ्याचा सीना आला. बकऱ्याची छाती हाडे आणि पातळ मांस. तिचा अखंड तुकडा पडत नाही. पोराने सुतळीने गुंडाळून बांधला. आजीने अंगणात चूल मांडली, दीड किलो कांदा चिरला, म्हातारीच्या कृतीत नसलेले भाजके खोबरे आणि काळा मसाला तिने विचारता-विचारता घातलाच. झाकणात पाणी ओतले. दोन तासांतच मांस हाडावरून सुटले. बकऱ्याला चार तास लागत नाहीत. वस्तीतल्या पोरांनी बाजरीच्या भाकरीशी पातेले चाटूनपुसून संपवले, त्यामुळे रात्रभर थंड करून दुसऱ्या दिवशी काप करण्याचा प्रश्नच उरला नाही.

आजीने दोन घास खाल्ले. म्हणाली, "चव आहे. पण हे ते नाही." मग आमच्याकडे बघून, अगदी सहज: "तुम्ही कोर्टात काय सांगता वो भाऊ, बकऱ्याचंच आणा म्हणून?"

आम्ही हसण्यावारी नेले. रात्री झोप लागली नाही, हेही लिहून ठेवतो.

जानेवारीत पोरगा परत गेला. आजीने त्याच्यासोबत त्या म्हातारीसाठी काळ्या मसाल्याची पुडी दिली. एप्रिल २०२५ मध्ये त्यांचा वल्हांडण आला, तो १२ एप्रिलच्या संध्याकाळपासून, म्हणजे जयंतीच्या ऐन तोंडावर. म्हातारीने पुन्हा तेच पातेले चढवले. मसाला मात्र तिने कपाटातच ठेवला, कारण त्या आठ दिवसांत बाहेरचे पीठ-मसाले त्यांच्या स्वयंपाकात चालत नाहीत. सण उलटला की घालीन म्हणाली. १४ एप्रिलला सकाळी आम्ही मिरवणुकीच्या तयारीत असताना पोराने पातेल्याचा फोटो पाठवला. आम्ही तो आजीला दाखवला. तिने चष्मा पुसला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, बराच वेळ निरखला आणि म्हणाली, "कांदा कमी घातलाय बाईनं."